मालिकेचा ट्रॅक प्रेक्षकांनी फिरवावा का?

मालिकेतलं काही खटकलं की चॅनलच्या पेजवर कमेंटांचा पाऊस पडतो. दोन-तीन आठवड्यांनी कथा वळते आणि लोकांना वाटतं, आपलं ऐकलं. कमेंटा वाचल्या जातात हे खरं, पण निर्णय बहुतेक वेळा गुरुवारच्या आकड्यांवर होतो.

टीव्हीवर कोण काय बघतं ते मोजणारी संस्था म्हणजे बार्क. तिचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, आणि आकडे येतात पुढच्या गुरुवारी. म्हणजे सोमवारच्या भागाचा निकाल दहा दिवसांनी लागतो. देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर आहेत. चॅनलच्या आवाजात मिसळलेली खूण मीटर ओळखतो आणि टीव्हीसमोर कोण बसलंय ते घरच्यांनी बटण दाबून सांगायचं असतं. ही घरं गुप्त ठेवतात. नागपुरात महाल भागातली एखादी आजी मीटरच्या घरात असेल, तर फेसबुकवर एक अक्षर न लिहिता ती कथेवर परिणाम करते. प्रतापनगरातला जो माणूस रोज शंभर ओळींची कमेंट लिहितो, त्याच्या घरी मीटर नसेल तर आकड्यात तो कुठेच नाही.

आता हे दहा दिवस सेटवर कसे जातात बघा. एक भाग साधारण २२ मिनिटांचा. दिवसभराच्या शिफ्टमध्ये जेमतेम एक भाग हाती लागतो. बरं चाललेल्या युनिटकडे आठवडाभराची बँक, म्हणजे आधीच तयार असलेले भाग, असते, ओढाताण असली की दोन भागांचीही नसते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि वर चॅनलची मंजुरी. आकडा पडला की त्याच संध्याकाळी ट्रॅक गुंडाळायचं ठरतं, आणि खरी मोडतोड तिथे सुरू होते.

समजा, काकूने सुनेच्या नावावरचं घर खोट्या सहीने लाटलंय. लेखकाने ठरवलंय, चाळिसाव्या भागात हे उघड करायचं. त्यासाठी तीन गोष्टी आधी पेराव्या लागतात. सून डावखुरी आहे, त्यामुळे तिच्या सहीचं वळण वेगळं. साक्षीदार म्हणून सही केलेला भाडेकरू अचानक खोली सोडून गेलाय. आणि मूळ कागद देवघरातल्या पेटीत आहेत. तेवढ्यात आकडा पडतो, कमेंटांत एकच सूर, ‘सून किती रडणार? काकूला उघडं पाडा.’ उलगडा पंचविसाव्या भागात ओढला जातो. तोवर फक्त डावखुरेपणा दाखवून झालेला असतो. भाडेकरूच्या भूमिकेसाठी नट ठरलेला नाही, देवघराचा सेट लागलेला नाही. मग सून दाराआडून सगळं ऐकते. दाराआडून ऐकण्यासारखा स्वस्त मार्ग दुसरा नाही, त्याला ना पूर्वतयारी लागते, ना नवा नट, ना नवा सेट. पुढचे पंधरा भाग मात्र रिकामे पडतात. ते भरायला अपघात, स्मृतिभ्रंश, कथेत सात वर्षांचा लीप. आणि तोच प्रेक्षक म्हणतो, ‘काहीही दाखवतात.’

प्रेक्षकाचं दुखणं खरंच होतं. पंधरा भाग नायिका नुसती रडत होती. उलगडा जागचा न हलवता तिला पंधराव्या भागापासून भाडेकरूच्या शोधाला लावलं असतं तर प्रश्न सुटला असता. माझं म्हणणं एवढंच आहे. लोक कुठे कंटाळले, कुठे चिडले हे लेखकाने अक्षरशः खरं मानावं, पण घटना कुठल्या भागात घडावी हे लोकांनी ठरवू नये. कारण काय पेरलंय आणि काय पेरायचं राहिलंय, ते त्यांना दिसत नाही.

ऐकून फायदा झाल्याचीही उदाहरणं आहेत. एप्रिल २०१९ मध्ये सॉनिक या व्हिडिओ गेममधल्या पात्रावरच्या चित्रपटाचा ट्रेलर आला आणि त्याचे बारके डोळे, माणसासारखे दात बघून खेळाचे चाहते भडकले. दिग्दर्शकाने काही दिवसांत रूप बदलायचं कबूल केलं, प्रदर्शन नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर गेलं. तिथे बदल पात्राच्या रूपात होता, कथेचा सांधा निखळला नाही, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी वेळ घेतला. ‘हरिकृष्णन्स’ या १९९८ च्या मल्याळम चित्रपटात मामूट्टी आणि मोहनलाल यांच्या चाहत्यांसाठी दोन वेगळे शेवट केले होते, एकात नायिका मामूट्टीची, दुसऱ्यात मोहनलालची. मला तो मार्ग पटत नाही. नायिका कोणाची हा प्रश्न दीड-दोन तास ताणून उत्तर थिएटरवर सोडलं, तर प्रश्नातली धारच जाते.

आपल्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात बघा. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत रात्रभर नाटक चालतं, प्रेक्षक रंगमंचाच्या पुढ्यात. वन्स मोअर आला की गाणं पुन्हा होतं, हशा मिळाला की विनोदी नट प्रसंग ताणतो. पण खलनायकाला शिव्या पडल्या म्हणून तो मध्येच सुधारत नाही. कुठे वाकायचं आणि कुठे नाही, हे त्या नटांना पक्कं ठाऊक असतं.

एका बाबतीत मात्र विदर्भाच्या प्रेक्षकाने आणखी जोराने बोलावं, ती म्हणजे भाषा. पात्र नागपूरचं म्हटलं की प्रत्येक वाक्याला ‘बे’ चिकटवतात. पोरगा आत्याला ‘काय करून राहिली बे’ म्हणतो! ‘बे’ मित्राला. मोठ्यांना ‘काय करून राहिले जी’. ही चूक संवादलेखक एका रात्रीत सुधारू शकतो, कथेला धक्का लागत नाही, खर्च शून्य.

फक्त ‘आमच्या भाषेची वाट लावली’ एवढं लिहून भागत नाही, त्यातून लेखकाच्या हाती काही लागत नाही. भागाची तारीख लिहा, प्रसंग सांगा, पात्राच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं द्या आणि त्याखाली तेच वाक्य तुमच्या घरी कसं म्हणतात ते लिहा. आणि काकूचं काम करणाऱ्या नटीच्या स्वतःच्या पेजवर जाऊन तिला शिव्या देऊ नका. घर लाटायचा प्रसंग तिने लिहिलेला नाही.