वाका, मोडू नका आणि रजा मागू नका

सगळ्यात आधी पत्र नीट वाचा. वर विषय असतो, 'आरोग्य अधिकारी व कर्मचारी यांचे नेतृत्व, लवचिकता व स्वास्थ्य याबाबत एकदिवसीय प्रशिक्षण'. खाली 'उपस्थिती अनिवार्य'. त्याच्याही खाली, 'अनुपस्थित राहिल्यास कारणे दाखवा नोटीस बजावण्यात येईल'. तुमचा ताण घालवायची एवढी घाई दुसऱ्या कुठल्या खात्याला असते का? पत्र रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पडलं आणि प्रशिक्षण सकाळी नऊला आहे, ही कुरकुर करू नका. तेवढ्यात पोचलात की लवचिकतेचा पहिला धडा झाला.

मागे आरोग्य केंद्रावर कोण, हा प्रश्नही मनात आणू नका. डॉक्टरांच्या दोन जागा. एक रिकामी, दुसरी तुम्ही. रात्रपाळी केलेल्या सिस्टर थांबतील. त्यांचं स्वास्थ्य पुढच्या बॅचमध्ये.

सातपुड्याच्या पायथ्यापासून जिल्ह्याच्या गावाला एसटीनं अडीच तास. मे महिना. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे गेला की त्याला कुणी बातमीसुद्धा म्हणत नाही. डोक्याला रुमाल गुंडाळा, खिशात कांदा ठेवा, आणि हॉलमध्ये शिरताना कांदा बाहेरच सोडा, कारण आत पुण्याहून आलेल्या मॅडम आहेत आणि पडद्यावर बर्फाच्छादित डोंगर आहे. कूलर आहे. त्यात पाणी भरायची जबाबदारी कुणाची, यावर दोन शिपायांची चर्चा जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालेल.

मॅडम म्हणतील, "डोळे मिटा, फक्त श्वासाकडे लक्ष द्या." इथे सावध राहा. रात्री दोन बाळंतपणं करून आलेल्या माणसानं डोळे मिटले की तो श्वासाकडे लक्ष देत नाही, श्वास मोठ्यानं घेतो. आमच्या बॅचला तिसऱ्या मिनिटाला मागच्या तीन रांगा घोरत होत्या. मॅडम पुटपुटल्या, "बघा, किती खोल गेलेत सगळे." खरंच खूप खोल गेले होते. एकाला तर टाळ्या वाजल्यावर वाटलं लेबर रूमचं दार वाजलं, तो "आलो, आलो" म्हणत उभाच राहिला.

मग मनुका वाटतील. माणशी एक. ती बघायची, हुंगायची, जिभेवर घोळवायची आणि पाच मिनिटं चावायची. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसांना एक मनुका पाच मिनिटं पुरवायला शिकवणं सोपं नाही, पण शासकीय खरेदीत केळी बसत नसावी. आमच्या औषध निर्मात्यांनी हजेरी चालू असतानाच ती गिळली आणि वहीत नोंद केली, 'प्राप्त 1, वाटप 1, शिल्लक 0'. जेवणात मात्र शेवभाजी होती, वर बोटभर तर्री. ती कुणालाही सजगपणे खायला सांगावं लागलं नाही.

दुपारी नेतृत्व. हे सत्र मन लावून ऐका, कारण यातलं बरंच तुम्ही आधीपासून करता आहात, फक्त त्याला नेतृत्व म्हणतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आपल्या खात्यात त्याचं नाव 'अतिरिक्त कार्यभार'. निकषाप्रमाणे सपाट भागात 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000 लोकांमागे. शेजारच्या केंद्राचे डॉक्टर पीजीला लागले की त्यांचीही माणसं तुमच्या अंगावर येतात. पगार एक, शिक्के दोन. दोन गावी एकाच दिवशी मुख्यालयी राहायचं असतं. ज्याला हे जमतं तो नेता.

याहून मोठे नेते बघायचे असतील तर आशाताईंकडे बघा. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार दिला. त्याच आशाताईंना पुढे मोबदल्यासाठी आझाद मैदानावर बसावं लागलं. त्यांना पगार नसतो, मोबदला असतो. त्या कर्मचारी नसतात, स्वयंसेविका असतात. जगाच्या दप्तरी लीडर आणि तालुक्याच्या दप्तरी स्वयंसेविका, हे एकाच बाईला एकाच साडीत साधावं लागतं. पाडा ते उपकेंद्र चालताना तिला रेझिलियन्सवरचं व्याख्यान द्यायला कुणी पुण्याहून येत नाही, तेवढ्यापुरती ती सुखी आहे.

प्रश्नोत्तरांत एखादा तरुण डॉक्टर हात वर करेल. तो शिकून आलेला असतो. तो सांगेल की 'बर्नआउट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं 1974 साली मांडला, तोही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणारी माणसं आणि स्वतःला बघून. आणि 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्यानं होणारी गोष्ट आहे. म्हणजे दुखणं माणसात नाही, कामाच्या ठिकाणी आहे. मग प्रशिक्षण कामाच्या ठिकाणाला का देत नाही? त्याला हळूच खाली बसवा. कामाच्या ठिकाणाला बोलवायचं तर त्याचा प्रवासभत्ता कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकणार?

मारहाणीचा विषय निघेलच. म्हणतील, रागावलेल्या नातेवाइकासमोर आवाज खाली ठेवा, हात उघडे ठेवा. 2010 चा राज्याचा कायदाही आहे. डॉक्टर-सिस्टरवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड. तसा बोर्ड आमच्याकडेही आहे. मागच्या वेळी तोच काढून मारायला घेतला, तेव्हापासून तो कपाटामागे असतो.

स्वास्थ्याच्या सत्रात सांगतील, रोज तीन लिटर पाणी प्या. मान डोलवा. आमच्या सिस्टर ड्यूटीवर पाणी पीत नाहीत. स्टाफच्या संडासाला आतून कडी नाही. कडीसाठी मागणीपत्र गेलं आहे, वर त्रुटी निघाली आहे, त्रुटीची पूर्तताही गेली आहे. तोवर त्या जाताना आयाबाईंना दाराशी उभं करतात, आणि आयाबाई रजेवर असल्या की तहान रजेवर पाठवतात. मे महिन्यात, 45 अंशांत. लघवीला जळजळ होते म्हणाल्या की मी गोळ्या देतो आणि वर डॉक्टरी आवाजात सांगतो, "पाणी भरपूर प्या हं." त्या माझ्याकडे बघतात. ते बघणं कुठल्याच सत्रात शिकवत नाहीत.

घरी जाताना एक वही मिळेल, कृतज्ञतेची. रोज झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी लिहा. घ्या ती. ओपीडीचं, जननीचं, लसीचं, क्षयाचं, साठ्याचं रजिस्टर असतंच, त्यात एक हेही. महिनाअखेर कुणी तपासायला मागणार नाही असं समजू नका.

परत पोचेपर्यंत रात्रीचे नऊ होतील. वीज गेलेली असेल. कडब्याच्या गंजीत हात घातला आणि चावलं, असं सांगत एका तरुण शेतकऱ्याला मोटारसायकलवर मधे बसवून आणलेलं असेल. हात कोपरापर्यंत सुजलेला. साप घोणस असावा. सिस्टरांनी सलाइन लावून हात हलू नये म्हणून फळी बांधलेली असेल, कारण त्या अजून ड्यूटीवरच आहेत. तुम्ही रक्त काढा, कोरड्या काचेच्या नळीत घाला आणि नळी उभी ठेवा. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विष रक्तात उतरलं.

या वीस मिनिटांत काही करता येत नाही. बसावं लागतं. दिवसभरात पहिल्यांदा. मोबाईलच्या उजेडात नळीकडे बघत राहा. मॅडम म्हणाल्या होत्या ते लक्ष एका ठिकाणी लागणं हेच असेल, तर ते आपोआप लागतं, मनुका लागत नाही. ओट्यावर बसलेली त्याची आजी आत डोकावून म्हणेल, "डाक्टर, तुम्हनं तोंड कसं सुकाई जायेल शे. जेवनात का नही?" तिचा नातू आत सुजतो आहे आणि ती तुम्हाला विचारते आहे.

बाराव्या मिनिटाला मोबाईल वाजेल. 'अतितातडीचे. आजच्या प्रशिक्षणास उपस्थित सर्वांनी ताणतणावाबाबतचा अहवाल विहित नमुन्यात आजच सादर करावा. ताण असल्यास कारणांसह नमूद करावा व दूर करण्यासाठी आपल्या स्तरावर केलेली कार्यवाही कळवावी. नसल्यास निरंक अहवाल द्यावा.'

कारणं लिहिलीत तर कार्यवाही लिहावी लागेल, आणि ती तुमच्याच स्तरावर करावी लागेल. म्हणून रकाना क्रमांक चारमध्ये 'निरंक' टाका आणि पाठवा. रेंज नसेल तर ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन हात वर करा, तिथे एक कांडी येते.

वीस मिनिटं झाली. नळी आडवी करा. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं, तर सिस्टरांना सर्पविषावरच्या औषधाच्या दहा वायल काढायला सांगा आणि 108 ला फोन लावा.