दाजी, दाते वेल्ड करून घेऊ का?

'टूथबार म्हणजे पैशाचा धूर. ट्रकच्या कमानपाट्याचे दाते कापा, लोडरच्या बकेटला थेट वेल्ड करा, ट्रॅक्टरचा जेसीबी होतो!' हा व्हिडिओ शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर महिनाभर फिरतोय. (टूथबार म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरच्या बकेटला, वेल्ड न करता, बोल्टनं बसवायची दात्यांची पट्टी.) धाकट्या मेव्हण्यानं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'दाजी, करून घेऊ का?' नको रे बाबा.

सगळ्यात घातक आहे ते वेल्डिंग. कमानपाटा, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी, कडक असतो, कबूल. पण कशामुळे? पाट्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएन-४५ पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो, शिवाय त्याला पाणी दिलेलं असतं. असा पाटा आधी न तापवता साध्या रॉडनं जोडला, की टाक्याला लागूनचा पट्टा झटक्यात थंड होऊन काचेसारखा ठिसूळ बनतो. म्हणून दात मोडतो तो टाक्यात नाही, टाक्याच्या शेजारी. वेल्डर म्हणणार, 'माझा टाका बघा, जसाच्या तसा आहे', आणि त्याचं खरंच असतं! तीच चीर पुढे बकेटच्या धारेत शिरली तर धारच बदलावी लागते. त्यात अर्थिंगचा चिमटा ट्रॅक्टरच्या चासीला लावला, तर करंट पिना, बुश आणि सिलिंडरमधून फिरतो. वेल्डिंग करायचंच असेल तर चिमटा बकेटलाच, आणि बॅटरीची वायर आधी काढायची. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर असतो आणि तो अशा करंटनं बिघडू शकतो, हे व्हिडिओवाल्याच्या गावी नसावं.

टूथबारचे 'बोल्ट तुटतात' म्हणे. नीट बसवलेल्या टूथबारची खाच बकेटच्या धारेवर बसते आणि घुसतानाचा रेटा धार घेते. बाजूच्या पत्र्यातले बोल्ट फक्त बार निसटू देत नाहीत. माप मात्र आतलं घ्यायचं, धारेजवळ, या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत. बाहेरचं माप देऊन आणलेला बार आत जातच नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर परत आवळा. अंगण सपाट करायचं असेल तेव्हा बार काढून ठेवता येतो. वेल्ड केलेले दाते सगळीकडे चऱ्या पाडत बसतात.

जेसीबीचं म्हणाल, तर दात्यांनी बसलेला उकिरडा किंवा मुरमाचा ढीग लवकर फुटतो, एवढं खरं. पण बॅकहो लोडर सात टनांच्या वर, आपला ४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास. वेगात बांधाला धडक दिली तर लोडरचे हात वाकतात, नाहीतर पुढचा एक्सल जातो. लोडरचं मॅन्युअल उघडा: मागे वजन लावा, हे त्यात ठळक लिहिलेलं असतं. आणि बार स्वतःही किलोंनी असतो, तेवढं उचलायचं वजन कमीच होतं.

राहिला प्रश्न 'जितके दाते जास्त तितकं बरं' याचा. ओल्या काळ्या मातीत दाटीनं दाते लावून बघा. मधल्या फटी चिखलानं बुजल्या की खोऱ्याच्या दांड्यानं ढोसत बसायचं.