ख्रिसमसचं बजेट? अहो, अजून खूप वेळ आहे!

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ख्रिसमस अचानक येतो. आता रोममध्ये इ.स. ३३६ साली तो २५ डिसेंबरला असल्याची नोंद सापडते म्हणे, म्हणजे तारीख ठरून जवळजवळ सतराशे वर्षं झाली, पण म्हणून काय झालं. ईस्टरचं बघा, तो २२ मार्च ते २५ एप्रिल कुठेही फिरतो, त्याच्या नावाने कुणी दचकलं तर समजू शकतो. पण जागचा न हलणाऱ्या तारखेला दरवर्षी दचकायचं याला कसब लागतं, आणि ते तुमच्यात आहे. (ज्युलियन कॅलेंडर पाळणाऱ्या चर्चचा ख्रिसमस ७ जानेवारीला येतो, तेरा दिवस बोनस! तरी तिथेही ६ तारखेच्या रात्री कुणीतरी रॅपिंग पेपर शोधत फिरत असणारच, पैज.)

काही अरसिक माणसं जानेवारीतच सुरुवात करतात. होणाऱ्या खर्चाचे बारा भाग करून दर महिन्याला एक भाग बाजूला टाकतात. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने तर १९०९ मध्ये यासाठी ख्रिसमस क्लबच काढला, दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरायचे, मध्ये हात लावायचा नाही, सणाच्या तोंडावर सगळे एकदम उचलायचे. बघा, यात काही थरार आहे का? आणि बाराने भागायचं म्हणजे कॅल्क्युलेटर आला. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर तीनने भागायचं, डिसेंबरपर्यंत थांबलात तर एकने. गणित आपोआप सोपं होत जातं, उगीच घाई कशाला.

बजेट करायचंच असेल तर मनातल्या मनात करा, कागदावर उतरलं की बेरीज होते आणि बेरीज झाली की मूड जातो. त्यात फक्त गिफ्ट्स धरा. प्रवास, पाहुणे, ऑफिसचं सीक्रेट सँटा, कुरिअर, खेळण्यातल्या बॅटऱ्या, आणि तो एक माणूस जो अनपेक्षितपणे तुम्हालाच काहीतरी देऊन जातो आणि मग त्याला काय द्यायचं म्हणून तुम्ही घरभर न वापरलेली वस्तू शोधत फिरता, हे सगळं 'किरकोळ' म्हणून सोडून द्या. किरकोळचा आकडा मुख्य आकड्याच्या पुढे गेला की समजायचं सुट्ट्या सुरू झाल्या.

तिकिटं तर बिलकुल लवकर काढू नका. विमानात एकाच रांगेतल्या सीट वेगवेगळ्या भाड्याच्या गटांत विकतात, स्वस्त गट आधी संपतो, हे तुम्हाला माहितीये. पण शेजारच्याने आपल्या निम्म्या पैशात तिकीट काढलंय हे कळल्यावर प्रवासभर जी जळजळ होते, ती फुकट मिळते, तिला मुकू नका.

आता मुख्य मुद्दा, क्रेडिट कार्ड. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं जुने लोक सांगायचे कारण त्यांच्याकडे अंथरूण उधार मिळत नव्हतं. बिल आलं की 'मिनिमम ड्यू' या प्रेमळ शब्दाकडे बघा, तेवढंच भरा आणि निवांत झोपा. समजा व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, ऐकायला किती गरीब वाटतो आकडा! चक्रवाढीने तेच वर्षाला ५१ टक्के होतात, पण तुम्ही वर्षाचा विचार करणाऱ्यातले नाहीच आहात, नाहीतर हे वाचत बसला नसता. शिवाय थकबाकी ठेवली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीचेही बिनव्याजी दिवस जातात, म्हणजे जानेवारीत घेतलेल्या साबणालासुद्धा ख्रिसमसचा सुगंध येतो.

गिफ्ट कुणाला काय आवडतं ते विचारू नका, सरप्राईज जातं ना. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये हिशोब मांडला होता की गिफ्टच्या किमतीतला साधारण दहावा ते तिसरा हिस्सा वायाच जातो, कारण घेणाऱ्याला ती वस्तू तेवढ्या मोलाची वाटतच नाही. आणि हे ठरवून घेतलेल्या गिफ्ट्सचं. २४ तारखेला रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असताना वाकून आत शिरून जे हाताला लागेल ते उचललंत तर हा आकडा नक्की मोडता येईल.

मग रात्री साडेअकराला जमिनीवर बसा. सेलोटेपचं टोक हरवलंय. नखाने रोल फिरवत फिरवत शोधा, सापडलं की तिरकं फाटेल आणि बारीक दोरीसारखी पट्टी निघेल, ती बोटाला चिकटेल. किमतीचं स्टिकर अर्धं निघेल, उरलेल्या अर्ध्यावर नेमका आकडा असेल. पेपर दोन बोटं कमी पडेल, तिथे ठिगळ लावा आणि डिझाईन आहे म्हणून सांगा.

मीही एकदा शहाणपणा करून ऑगस्टमध्येच गिफ्ट घेतलं होतं हो. कुणाला दिसू नये म्हणून इतकं छान लपवलं की डिसेंबरात मलाच मिळेना, शेवटी दुसरं घेतलं. पहिलं फेब्रुवारीत सापडलं, गेल्या वर्षीच्या लायटिंगच्या माळांखाली, ज्या सापडल्या नाहीत म्हणून माळाही नव्या घेतल्या होत्या. ते गिफ्ट आता यंदासाठी तयार आहे, फक्त कुठे ठेवलंय ते बघावं लागेल. बघू, अजून खूप वेळ आहे.