मुकुंदचं गाणं चुकलं, गाणं शोधणं चुकलं नाही

नमस्कार.

माझ्या यादीवरची तुमची प्रतिक्रिया वाचून मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी पुन्हा काढली आणि संपेपर्यंत खाली ठेवली नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते: वयात येणाऱ्या मुलांच्या मराठी कथांमधल्या पात्रांना मी एकेक गाणं जोडलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. ‘शाळा’तल्या मुकुंद जोशीला ‘भातुकलीच्या खेळामधली’ देणं म्हणजे नववीतल्या पोराला चाळिशीतल्या माणसाचा उसासा टाकायला लावणं. यादीत एकाही मुलीला गाणं नाही. आणि मुळात हा उद्योगच वरवरचा, कारण कादंबरीला तिचा स्वतःचा आवाज असतो.

मुकुंदबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं. पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल, अरुण दात्यांचा आवाज. हे गाणं माझ्या फार जवळचं आहे आणि तिथेच मी घसरले. गाण्यातले राजाराणी दुरावतात, इकडे मुकुंदला आवडणारी शिरोडकर शेवटी निघून जाते, म्हणून जमलं असं मी धरून चालले. पण जमलं ते फक्त कथानक. गाणं सांगणाऱ्याला डाव मोडल्याचं सुरुवातीपासून ठाऊक आहे, तर मुकुंदला शिरोडकर उद्या रस्त्यात दिसेल की नाही हेसुद्धा ठाऊक नाही. बोकिलांची कादंबरी २००४ साली आली आणि तिच्यातला काळ आणीबाणीचा. मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेलेली असूनही त्यांनी मोठ्या झालेल्या मुकुंदला मध्ये बोलू दिलं नाही. मी मात्र गाण्याच्या रूपाने त्याला आणून बसवलं, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये, सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या या त्याच्या मित्रांच्या शेजारी. तिथे त्याचं काही काम नव्हतं.

तुमच्यामुळे एक गोष्ट मला आता स्वच्छ दिसते. गाण्याला पात्रापेक्षा जास्त कळता कामा नये. अपवाद एकच: जिथे मोठं झालेलं माणूसच गोष्ट सांगत असतं. ‘श्यामची आई’मधला श्याम बेचाळीस रात्री मित्रांना आपलं लहानपण सांगतो, तेव्हा मागे वळून पाहणारं गाणं तिथे शोभतं. त्या नोंदीत मी बदल करणार नाही.

मग मुकुंदला काय द्यायचं? तो काळ रेडिओचा. गाणं हवं तेव्हा लावता येत नसे, ते लागेपर्यंत थांबावं लागे. बुधवारी संध्याकाळी ‘बिनाका गीतमाला’त अमीन सयानींचा आवाज यायचा आणि आवडतं गाणं कितव्या पायदानावर आहे यासाठी आख्खा आठवडा काढलेला असायचा. असं थांबायची सवय असलेला मुलगाच शिरोडकरच्या वाटेवर तसा उभा राहू शकतो. म्हणून मी त्याला १९७६ सालच्या ‘कभी कभी’चं शीर्षकगीत देते. तुम्ही लगेच म्हणाल, साहिरचे शब्द, मुकेशचा आवाज, हेही थोरांचंच गाणं की! खरं आहे. पण त्यातली उर्दू मुकुंदला निम्मीही कळणार नाही. ‘ही माझ्यासाठीच आहे’ एवढाच अर्थ तो उचलेल आणि बाकीचं सुरावर सोडून देईल. ‘भातुकली’ची मराठी इतकी सोपी आहे की तिच्यातलं दुःख टाळताच येत नाही. पंधराव्या वर्षी गाणी अशी अर्धीच कळतात आणि त्या अर्ध्याच्या जोरावर मुलगा वर्षभर चालतो. नंतर कधीतरी उरलेले शब्द कळतात. तो वेगळा धक्का असतो, पण तो त्या कादंबरीच्या बाहेरचा.

प्रकाश नारायण संतांच्या कथांमधल्या लंपनची नोंदही मी काढून टाकली आहे, त्यावर तुम्ही काही म्हटलं नसलं तरी. कवयित्री इंदिरा संत या संतांच्या आई, म्हणून त्यांच्या एका कवितेचं गायलेलं रूप मी त्याला दिलं होतं. ते लेखकाच्या घरचं झालं, लंपनचं नव्हे. प्रत्येक गोष्टीला ‘मॅड’ म्हणणाऱ्या मुलाला शब्द कमी पडत नाहीतच. त्याला नुसती धून पुरे.

आता तिसऱ्या आक्षेपाकडे येते, कारण तिथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. गाणं ही कथेवर वरून घातलेली झालर आहे, असं तुम्ही धरता. या वयात आत जे उसळतं त्याला मुलांकडे स्वतःचे शब्द नसतात. ती ते उसने घेतात आणि सगळ्यात आधी हाताशी येतं ते गाणं. तेव्हा ‘या मुलाचं गाणं कोणतं’ असं विचारणं म्हणजे ‘याला कोणाचे शब्द मिळाले आणि कोणाचे मिळाले नाहीत’ असं विचारणं. हा प्रश्न मला वरवरचा वाटत नाही.

जब्याचंच बघा. ‘फँड्री’ चित्रपटातला हा दलित घरातला मुलगा वर्गातल्या शालूसाठी काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांनी केलेलं गाणं सगळ्यांना पाठ आहे आणि अनेकांनी मला तेच सुचवलं. पण ते गाणं चित्रपटाच्या आत नाही, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं. प्रेमाचं गाणं म्हणण्याइतकी मोकळीक जब्याला कोणी दिलेलीच नाही. त्याच्या वाट्याला जे गाणं येतं ते शाळेतून येतं. घरचे सगळे डुकराच्या मागे धावत असताना राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं. तेवढा वेळ तो इतर कुठल्याही विद्यार्थ्यासारखाच एक विद्यार्थी असतो. ते संपलं की पुन्हा डुकरामागे धावणारा. मी त्याला राष्ट्रगीत दिलं तेव्हा ‘हे काय गाणं झालं?’ असं तुम्ही लिहिलंत. मला यादीतली तीच एक नोंद पहिल्या दिवसापासून पक्की वाटते. हे गाणं त्याने निवडलेलं नाही, पण त्याच्यापेक्षा मनापासून त्या वेळी कोण उभं राहिलं असेल?

राहिला मुलींचा आक्षेप. मला सगळ्यात जास्त लागला तो हाच. यादी पुन्हा तपासली तर खरंच शिरोडकर, लंपनची सुमी, शालू या सगळ्या कोणाच्या तरी गाण्याचा विषय आहेत, त्यांच्यापैकी एकीचंही स्वतःचं गाणं नाही. त्यात दोष माझा आहेच. पण त्या गोष्टीही मुलांच्या डोळ्यांनी सांगितलेल्या आहेत. तिच्या मनात काय चाललंय ते कळल्याशिवाय माझाच नियम मला शिरोडकरला लावता येत नाही. मुकुंदला जी शिरोडकर दिसते तिला मी गाणं दिलं, तर ते पुन्हा मुकुंदचंच होईल.

आर्चीला मात्र मी विसरायला नको होतं. ‘सैराट’मध्ये ‘आताच बया का बावरलं’ हे श्रेया घोषालने गायलेलं गाणं तिच्या बाजूचं आहे. ज्या मुलीने आजवर कोणाची पर्वा केली नाही, तिला स्वतःचंच वागणं अनोळखी वाटू लागतं, आणि गाण्यालाही त्या वेळी तिच्याइतकंच कळतं, त्याहून जास्त नाही. त्याच चित्रपटात पुढे काय होतं तेही आठवा. दोघं पळून परक्या शहरात जातात, झोपडीत राहतात, कामाला लागतात, आणि पहिल्या अर्ध्या भागात ठासून भरलेली गाणी तिथे थांबतात. शेवटी तर आवाजच काढून घेतलेला आहे. ती मुलं कुठल्या दिवशी मोठी झाली हे कोणी विचारलं, तर मी म्हणेन, गाणी बंद झाली त्या दिवशी.

तेव्हा यादीत आर्चीची नोंद आज घातली आहे, मुकुंदची बदलली आहे, जब्याची होती तशीच आहे. शिरोडकरचं नाव लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे. तुम्हाला तिचं गाणं सापडलं तर कळवा. फक्त ते मुकुंदने ऐकलेलं नसावं.