दोन तारे देणाऱ्या वाचकांस: एका फंक्शनला दोन पानं का लागतात

नमस्कार,

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवरच्या आमच्या मराठी पुस्तिकेला तुम्ही दोन तारे दिलेत आणि त्यामागची कारणंही नीट लिहिलीत. पुस्तिका शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कुणी असं लिहू शकत नाही, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमच्या तक्रारी अशा: रनटाइम फंक्शन (चालू प्रोग्रॅमवरच काम करणारं फंक्शन) काय करतं हे एका ओळीत सांगून मोकळं व्हायचं, तर आम्ही प्रत्येकाला दोन-दोन पानं दिली आहेत आणि त्यातलं निम्मं पान ‘हे काय करत नाही’ यावर खर्च केलं आहे. फंक्शन एका भागात आणि सर्व्हिसच्या (पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कमांड दुसऱ्या भागात असल्यामुळे सारखी पानं उलटावी लागतात. आणि इंग्रजीत हे सगळं फुकट मिळत असताना पैसे का मोजायचे?

पहिल्या तक्रारीवर जास्त बोलतो, कारण ती पानं आम्ही विचार करून ठेवली आहेत आणि पुढच्या आवृत्तीतही ती राहणार आहेत.

अक्षरं मोठी करणारं एखादं साधं फंक्शन चुकीचं समजलं, तर चूक लगेच पडद्यावर दिसते. रनटाइमची फंक्शन चालू प्रोग्रॅमलाच हात घालतात. त्याची मेमरी मोजतात, त्याला थांबवून ठेवतात, बंद करतात. तिथे समज अर्धवट असली तरी प्रोग्रॅम चालत राहतो आणि नेमका नको त्या दिवशी दगा देतो.

सिस डॉट एक्झिट घ्या. एका ओळीत लिहायचं तर ‘प्रोग्रॅम बंद करतं’. प्रत्यक्षात ते सिस्टमएक्झिट नावाचं एक्सेप्शन, म्हणजे नेहमीचा क्रम तोडणारा इशारा, उठवतं, एवढंच. वर कुठे कुणी कुठलंही एक्सेप्शन पकडणारं नुसतं ‘एक्सेप्ट’ लिहून ठेवलं असेल तर ते तिथेच अडकतं आणि प्रोग्रॅम पुढे चालू राहतो. मुख्य थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा स्वतंत्र धागा) सोडून दुसऱ्या थ्रेडमधून बोलावलं तर तेवढा थ्रेड संपतो, प्रोग्रॅम नाही. ओएस मॉड्यूलमधलं अंडरस्कोरवालं एक्झिट मात्र खरोखर तिथल्या तिथे बंद करतं, पण बफरमध्ये (लिहिण्याआधीच्या तात्पुरत्या साठ्यात) राहिलेला मजकूर फाइलपर्यंत पोचत नाही. आता यातली कुठली ओळ गाळू, सांगा.

किंवा सिस डॉट गेटसाइझऑफ. एक कोटी अक्षरांची स्ट्रिंग तयार करा, ती एकटीच एका लिस्टमध्ये ठेवा आणि लिस्टचा आकार विचारा. ६४ बिटच्या नेहमीच्या पायथनवर उत्तर येतं ६४ बाइट. स्ट्रिंगचा आकार वेगळा विचारला तर एक कोटी बाइटच्या वर. फंक्शनचं काही चुकलेलं नाही. ते लिस्टचं स्वतःचं माप देतं, लिस्ट ज्या वस्तूकडे बोट दाखवते तिचं नाही. ‘मेमरी मोजतं’ असं लिहून आम्ही थांबलो असतो, तर सर्व्हरची मेमरी कुठे जाते हे शोधणारा माणूस याच आकड्यावर विसंबून भलतीकडेच शोधत बसला असता.

आता कमांडचं. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात आमच्या क्लासचा एक मुलगा कामाला आहे. मागांवरचे काउंटर वाचून पाळीचं उत्पादन मोजणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला. आकडे मेमरीत साठवायचे आणि प्रोग्रॅम बंद होताना एटएक्झिटमध्ये नोंदवलेल्या फंक्शनने ते फाइलमध्ये उतरवायचे, अशी त्याची रचना. टर्मिनलवर चालवला, कंट्रोल-सी दाबलं, फाइल उघडली, सगळं जागच्या जागी. मग तोच प्रोग्रॅम लिनक्सवर सर्व्हिस म्हणून बसवला. सर्व्हिस बंद करायची सिस्टमसीटीएल स्टॉप ही कमांड दिली आणि त्या पाळीचे आकडे गेले. ना एरर, ना लॉगमध्ये तक्रारीची एखादी ओळ. स्टेटस विचारलं तर सर्व्हिस व्यवस्थित बंद झाली असंच उत्तर.

कारण असं. कंट्रोल-सी दाबलं की प्रोग्रॅमला सिगइंट हा सिग्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमकडून येणारी सूचना, जातो. तो पायथन स्वतः हाताळतो, कीबोर्डइंटरप्ट उठवतो आणि जाताजाता एटएक्झिटची फंक्शन चालवतो. सिस्टमसीटीएल स्टॉप सिगटर्म हा वेगळा सिग्नल पाठवतं, आणि पायथन तो आपणहून हाताळत नाही. ऑपरेटिंग सिस्टम प्रोग्रॅमला जागच्या जागी संपवते. एटएक्झिट चालत नाही, एरवी काही झालं तरी शेवटी चालणारा फायनलीचा भागही चालत नाही. सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या लेखी सिगटर्मने संपणं हे नीट संपणंच, म्हणून तिकडूनही बोंब नाही. उपाय लहान आहे: सिग्नल मॉड्यूल वापरून सिगटर्मसाठी हँडलर (तो आला की चालणारं फंक्शन) लावायचा आणि त्यात सिस डॉट एक्झिट बोलवायचं. किंवा सर्व्हिसच्या फाइलमध्ये किलसिग्नल बदलून सिगइंट करायचा. तरीही आवराआवर फार लांबली तर मुदत संपल्यावर, जी मुळात ९० सेकंदांची असते आणि बदलता येते, सक्तीने संपवणारा सिगकिल येतो. त्याला कुठलाच हँडलर अडवू शकत नाही.

पुस्तिकेत स्टॉपच्या पानावर ‘पायथनचं एटएक्झिट यामुळे चालत नाही’ ही ओळ ठळक अक्षरात आहे आणि एटएक्झिटच्या पानावर स्टॉपचा पानक्रमांक आहे. ही सांधेजोड लिहायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते पुस्तिकेतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

पानं उलटावी लागतात ही तुमची दुसरी तक्रार इथूनच येते. फंक्शन लिहिणारा प्रोग्रॅमच्या आत असतो. कमांड देणारा बाहेर असतो, आणि बऱ्याचदा तो वेगळाच माणूस असतो: रात्रपाळीचा ऑपरेटर, ज्याने कोड कधी पाहिलेलाच नाही. त्याला एनेबल दिलं म्हणून सर्व्हिस लगेच सुरू होत नाही आणि स्टार्ट दिलं म्हणून मशीन पुन्हा चालू झाल्यावर ती आपोआप उठत नाही, एवढं पटकन सापडायला हवं. त्याला मेमरीच्या प्रकरणातून जायला लावणं बरं नव्हे. युनिक्सच्या पहिल्याच मॅन्युअलमध्ये, ३ नोव्हेंबर १९७१ च्या, कमांड पहिल्या भागात आणि सिस्टम कॉल (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टमकडे करायच्या मागण्या) दुसऱ्या भागात होते. आणि कुठे काय बिघडतं हे सांगायला ‘बग्ज’ असा मथळा तेव्हापासून आहे. ‘काय करत नाही’ हे आमचं निम्मं पान त्याच वाटेवरचं आहे.

त्या निम्म्या पानाने काय वाचतं त्याची आणखी दोन उदाहरणं. पायथन इंग्रजी मोठ्या ओ अक्षराच्या पर्यायाने चालवलं की सगळी असर्ट विधानं, म्हणजे कोडमधल्या तपासणीच्या ओळी, गळून पडतात. रक्कम शून्याच्या वर आहे ना, ही तपासणी असर्टने केली असेल तर ती तपासणीच राहत नाही. आणि एखादा फोल्डर ब्राउझरमध्ये दाखवणारी एचटीटीपी डॉट सर्व्हरची एका ओळीची कमांड वेगळं काही सांगितलं नाही तर मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकते. फायरवॉल आड आला नाही तर तो फोल्डर त्याच वायफायवरच्या कुणालाही दिसतो.

फुकटचा मुद्दा. पायथनचं अधिकृत इंग्रजी डॉक्युमेंटेशन फुकट आहे आणि उत्तम आहे. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आम्ही ते वाचा म्हणून सांगितलं आहे. एटएक्झिट कधी चालत नाही हे तिथेही लिहिलेलं आहे. पण त्या पानावर सिस्टमसीटीएलचं नाव नाही, आणि सिस्टमसीटीएलच्या पानावर एटएक्झिटचं नाही. दोन्ही शेजारी ठेवून, प्रत्येक गोष्ट मशीनवर चालवून बघून, ती मराठीत लिहिणं हे आमचं काम, आणि किंमत त्या कामाची आहे. ज्यांना दोन्ही इंग्रजी पानं वाचून हा सांधा स्वतः जुळवता येतो, त्यांनी पुस्तिका घेऊ नये असं मी दुकानात तोंडावर सांगतो.

एवढं वाचूनही पुस्तिका परत करावीशी वाटली तर नव्या पेठेतल्या दुकानात आणून द्या, पूर्ण पैसे मिळतील, पावती नसली तरी चालेल. तुमचा एखादा प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून चालत असेल तर त्याचा कोडही सोबत आणा. बंद होताना तो काय लिहितो आणि काय लिहायचं सोडतो, हे आपण तिथल्याच मशीनवर स्टॉप देऊन पाहू.