वासाला वास

सांगलीच्या गणपती पेठेत काल संध्याकाळी व्हॅनिला इसेन्स संपला होता. एवढं सांगून दुकानदार गप्प बसला असता तर मी मुकाट्याने पुढचं दुकान गाठलं असतं. पण त्याने फडताळातून केवड्याची बाटली काढली, तिच्यावरची धूळ बरोबर माझ्याच दिशेने फुंकली आणि म्हणाला, "हे न्या की. वासाला वास."

म्हणजे चहाला साखर नसेल तर मीठ घाला, पांढऱ्याला पांढरं!

"अहो, व्हॅनिला चहाचा चमचाभर लागतो. केवडा तेवढा घातला तर केक बिर्याणीच्या हंडीतून काढल्यासारखा लागेल. त्याचे दोन थेंब पुरतात."

"मग दोन थेंब घाला. बाटली वर्षभर पुरंल."

शेजारी हळकुंडं निवडत उभ्या असलेल्या काकांना एवढं निमित्त पुरलं.

"कसला केक म्हणायचा?"

"साधाच. व्हॅनिलाचा."

"साधा ना? मग साध्यात वास कशाला?"

"अंड्याचा वास मारायला."

"मग अंडं घालू नका."

"फुगणार कसा?"

"सोडा घाला जास्त."

"सोड्याचा दर्प येतो, काका."

"मग त्यात व्हॅनिला घालायचा!" काका विजयी मुद्रेने म्हणाले.

"तो संपलाय," दुकानदार म्हणाला. "म्हणून तर म्हणतोय, केवडा न्या."

मागची रांग हसली. माझं डोकं मात्र त्या 'साधा'वर अडकलं. व्हॅनिला हे एका ऑर्किडच्या वेलीचं फळ. फूल जेमतेम एक दिवस उमलतं. 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने परागीकरण करून दाखवलं आणि त्यातून जगभरची लागवड उभी राहिली. आता आपल्या बाटलीत ती वेल नसतेच, कारखान्यातलं व्हॅनिलिन असतं, हे कबूल. तरी 'साधा' म्हणजे काय?

काकांचं अजून संपलं नव्हतं. "चिमूटभर हळद टाका. पिवळा दिसला की लोकांना अननसाचा वास आपोआप येतो." सांगलीत उभं राहून हळदीला नाही म्हणणं अवघडच. पण हळद आणि सोडा एकत्र आले की रंग लालसर होतो. सोडा नीट चाळलेला नसेल तर जिथे गुठळी तिथे तांबडा डाग. वाढदिवसाचा केक कापल्यावर आतून गोवर उठलेला दिसला तर काका येणार आहेत का निस्तरायला?

पर्याय असतात, नाही असं नाही. अडीचशे ग्रॅम मैद्याच्या केकला चमचाभर व्हॅनिलाऐवजी अर्धा चमचा वेलदोड्याची पूड चालते, पण ती साखरेबरोबर बारीक करून चाळायची, नाहीतर साली दाताखाली येतात. जायफळ पाव चमच्याच्या आतच, पुढे गेलात तर केकला श्रीखंडाची आठवण येते. बदामाचा इसेन्स फार उग्र, तो पाव चमच्यापासून सुरू करावा. दोन कागदी लिंबांची साल किसली तरी भागतं. फक्त हिरवापिवळा पापुद्रा घ्यायचा, खालचा पांढरा भाग कडू. कीस साखरेत चोळला की तेल सुटतं. मात्र सालीऐवजी रस पिळू नका, तो आंबट असल्याने सोडा भांड्यातच फसफसून जातो आणि भट्टीत उरतो तो दडदडीत गोळा. चॉकलेटच्या केकला चमचाभर कॉफी चमचाभर गरम पाण्यात विरघळवून घातली तर व्हॅनिला नसल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि कंडेन्स्ड मिल्कच्या बिनअंड्याच्या केकला काहीच घातलं नाही तरी चालतं, म्हणजे काका निम्मे बरोबर होते. हेच जास्त झोंबतंय.

एवढं सगळं दुकानात बोलायला कोण देतं? निमूटपणे दहा ग्रॅम वेलदोडे घेतले. अर्ध्या चमच्याला चार-पाच भरलेले वेलदोडे पुरायला हवेत. घरी सोलायला बसल्यावर अकरा फोडले. निम्मे पोकळ, उरलेल्यांतले दाणे करडे, सुकलेले. पुडी मात्र दुकानदाराने हुंगायला लावून दिली होती.