शारासने रजा नाकारली नव्हती, दिली होती

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून माझ्यापर्यंत आला आणि तिन्ही वेळा मी तो न बोलता पुसून टाकला. चौथ्यांदा तो माझ्या धाकट्या भावाने पाठवला, तेव्हा मात्र गप्प बसणे जमले नाही. भाऊ शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले आहेत आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याच्या संघाची स्पर्धा आहे. "ताई, हे वाच, खरा कोच असा असतो," एवढेच त्याने वर लिहिले होते.

संदेश असा: लिथुआनियाचा बास्केटबॉलपटू शारुनास यासिकेविचियस कमालीच्या गरिबीतून वर आला, एनबीएने (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने) त्याला हाकलून दिले, त्याने एकट्याच्या बळावर ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदाच अमेरिकेला हरवले, पुढे प्रशिक्षक होऊन एका नगण्य क्लबला त्याने पहिल्याच वर्षी युरोपचा विजेता केले. आणि हे सगळे म्हणे शिस्तीमुळे घडले, कारण उपांत्य फेरीच्या तोंडावर बायकोच्या बाळंतपणासाठी रजा मागणाऱ्या खेळाडूला त्याने "मूल पुन्हा होईल, ट्रॉफी पुन्हा येणार नाही" असे सुनावून थांबवून घेतले.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे अज्ञान आहे आणि हे मात्र सरळसरळ उलटे आहे. ज्या प्रसंगावर ही कथा रचली आहे तो २०१७ सालचा, यासिकेविचियस म्हणजेच शारास कौनासच्या झालगिरिस संघाचा मुख्य प्रशिक्षक असतानाचा. त्या पत्रकार परिषदेची चित्रफीत इंग्रजी उपशीर्षकांसह कोणालाही पाहता येते. मी ती भावाचा संदेश आल्यावर पुन्हा दोनदा पाहिली. लिथुआनियन लीगची उपांत्य फेरी सुरू होती आणि संघाचा सेंटर ऑगुस्तो लिमा आपल्या मुलाच्या जन्मासाठी मध्येच निघून गेला होता. एका पत्रकाराने त्याबद्दल मत विचारले. शारासचे पहिले उत्तर एवढेच होते, की मत कसले, मीच त्याला जाऊ दिले. पत्रकार हटेना, उपांत्य फेरीत खेळाडूने संघ सोडून जाणे योग्य आहे का, असे त्याने पुन्हा विचारले. तेव्हा शारासने उलट त्यालाच विचारले, की तुला मुले आहेत का; मग पोरगेल्या वयाच्या माणसाशी बोलावे तशा सुरात सांगितले, की तुला मुले होतील तेव्हा कळेल, कारण माणसाच्या अनुभवाचे त्याहून उंच टोक नाही. सामना महत्त्वाचा आहे, असे पत्रकार म्हणाला, तर कोणासाठी महत्त्वाचा, प्रेक्षक किती आले होते ते पाहिलेस का, असा त्याचा प्रतिप्रश्न होता. मुलाच्या जन्मापुढे कोणतेही विजेतेपद मोठे नाही आणि लिमा आत्ता स्वर्गात असेल याचा मला आनंद आहे, असे म्हणून त्याने तो विषय संपवला.

म्हणजे संदेशात शारासच्या तोंडी घातलेले म्हणणे हे मुळात त्या पत्रकाराच्या बाजूचे आहे! शारास ज्या विचाराला उत्तर देत होता, तोच विचार त्याच्या नावावर खपवला गेला आहे. मूळ चित्रफीत जगभर पाहिली गेली ती प्रशिक्षक असे बोलला म्हणूनच, आणि मराठीत येईपर्यंत कोणाला तरी ते उत्तर पुरेसे 'कडक' वाटले नसावे. लिमा गेल्यामुळे झालगिरिस बुडाला, असेही झाले नाही. त्या हंगामाचे लिथुआनियन लीगचे विजेतेपद त्यांनीच जिंकले, आणि शारासच्या हाताखाली २०१६ ते २०२० अशी सलग पाच वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. हा माणूस मवाळ नाही. त्याचे टाइमआउट, म्हणजे सामना थांबवून खेळाडूंशी बोलण्याचे क्षण, पाहिलेल्यांना ठाऊक आहे, की बचावात एक पाऊल चुकलेल्या खेळाडूला तो कोणत्या भाषेत झाडतो. पण कोर्टवरच्या चुकीबद्दल झाडणे वेगळे आणि बाळंतिणीजवळ जाऊ न देणे वेगळे, हा फरक त्या संदेशाच्या लेखकाला कळत नसला तरी शारासला कळत होता.

आता अमेरिकेविषयी. अमेरिका ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा हरली ती १९७२ साली म्युनिकमध्ये सोव्हिएत संघाकडून, ५१-५० अशा त्या आजही वादग्रस्त ठरणाऱ्या अंतिम सामन्यात. १९८८ साली सोलमध्ये सोव्हिएत संघानेच तिला पुन्हा हरवले आणि त्या संघाचे साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचियस हे चौघे लिथुआनियाचे होते, तेव्हा लिथुआनियाला श्रेय द्यायचेच असेल तर ते तिथेही देता येते. २००४ च्या अथेन्स स्पर्धेतदेखील लिथुआनियाच्या आधी प्वेर्तो रिकोने अमेरिकेला ९२-७३ असे धुतले होते. शारासचा पराक्रम त्याने कमी होत नाही: साखळी सामन्यात लिथुआनियाने ९४-९० असा विजय मिळवला आणि त्यातले २८ गुण त्याचे होते. पण शिश्काउस्कास आणि मात्सियाउस्कास त्याच संघात असताना 'एकट्याच्या बळावर' म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिवाय याच स्पर्धेत पुढे कांस्यपदकासाठी हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि अमेरिका १०४-९६ अशी जिंकली, हे संदेशात कसे येईल? अथेन्सच्या चार वर्षे आधी सिडनीच्या उपांत्य सामन्यात तर लिथुआनिया ८५-८३ अशी हरली, ती शेवटच्या क्षणी शारासने मारलेला तीन गुणांचा फटका चुकल्यामुळे. मला विचाराल तर तो चुकलेला फटका या माणसाबद्दल अधिक सांगतो, पण चुकलेले फटके कोणी फॉरवर्ड करत नाही.

गरिबीची कथा कुठून आली कोण जाणे; आई स्वतः हँडबॉलपटू होती आणि मुलगा मेरीलँड विद्यापीठात चार वर्षे खेळला. एनबीएचा मुद्दा अर्धा खरा आहे: १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला कोणी घेतले नाही, आणि २००५ ते २००७ या काळात इंडियाना व गोल्डन स्टेटकडून खेळताना युरोपातला शारास तिथे दिसला नाही. मात्र हाकलून देणे याला म्हणत नाहीत. एनबीएत जाण्याआधी त्याने बार्सिलोनाकडून एकदा आणि मकाबी तेल अवीवकडून दोनदा युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली होती, आणि परतल्यावर २००९ साली पानाथिनायकोसकडून चौथ्यांदा जिंकली.

राहिला तो 'नगण्य' क्लब. झालगिरिसची स्थापना १९४४ ची आहे आणि शारास प्रशिक्षक होण्याच्या कितीतरी आधी, १९९९ साली, त्यांनी युरोलीग जिंकलेली होती. त्याच्या काळातली त्यांची सर्वोत्तम मजल म्हणजे २०१८ चे तिसरे स्थान. तिथून तो बार्सिलोनाला गेला, २०२१ चा अंतिम सामना अनादोलू एफेसकडून ८६-८१ असा हरला, २०२२ ची उपांत्य लढत रियाल माद्रिदकडून हरला आणि २०२३ ची तर स्वतःच्या गावी, कौनासमध्ये, पुन्हा रियालकडूनच हरला. प्रशिक्षक म्हणून युरोलीगचा करंडक त्याच्या हाती आला तो २०२५ साली, अबुधाबीत, तुर्कस्तानच्या फेनरबाह्चेकडून, मोनॅकोला ८१-७० असे हरवून. मुख्य प्रशिक्षक झाल्यापासून नऊ वर्षांनी.

संदेशाखाली जो फोटो लावला आहे तो याच अबुधाबीच्या रात्रीचा आहे. त्यातला जल्लोष पिवळ्या आणि गडद निळ्या, म्हणजे फेनरबाह्चेच्या, रंगात चालला आहे. झालगिरिसचा रंग हिरवा. ज्या खेळाडूला थांबवून घेतल्यामुळे हा करंडक मिळाला म्हणतात, तो लिमा त्या संघात नव्हताच. हे सगळे मी भावाला काल रात्री लिहून पाठवले आणि खाली चित्रफितीचा दुवा दिला. त्यावर त्याचे अजून काही उत्तर आलेले नाही, पण स्पर्धेसाठी संघाबरोबर कोण जाणार याची विचारपूस त्याने आज सकाळी दुसऱ्या प्रशिक्षकाकडे केली, असे भावजयीकडून कळले.